काचपेटीतल्या गोगलगाई

ज्या घरात माशांची काचपेटी, त्या घरात आज ना उद्या गोगलगाय येतेच. आमच्याकडे ती पाणवनस्पतीच्या जुडीतून आली. पानामागचा चिकट, पारदर्शक ठिपका म्हणजे अंडी, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. दोन महिन्यांत काचेवर मोहरीएवढ्या पिल्लांची रांग लागली.

आम्ही घाई केली. दुकानदाराने दिलेले तांबेयुक्त औषध पेटीत ओतले. गोगलगाई मेल्या खऱ्या, पण वाळूत कुजल्या, पाण्यात अमोनिया वाढला आणि दोन दिवसांत आमचे सातही गप्पी मासे गेले. धाकटी त्या रात्री जेवली नाही. तेव्हापासून औषधाच्या बाटलीला आम्ही हात लावलेला नाही.

खरे दुखणे खाद्याच्या चिमटीत असते. मासे दोन मिनिटांत संपवतील त्याहून जास्त पडले की उरलेले तळाशी बसते आणि त्यावर गोगलगाई पोसतात. खाद्य कमी केले की त्यांची पैदासही मंदावते. बाकीचे काम काकडी करते. रात्री दिवा मालवल्यावर काकडीची चकती तळाशी सोडावी. वर तरंगत असेल तर धुतलेल्या खड्याखाली दाबावी. सकाळी चिकटलेल्या गोगलगाईंसह ती उचलून घ्यावी. हे आठवडाभर नव्हे, महिनाभर करावे लागते. कारण फायसा जातीची एकटी गोगलगायही अंडी घालून नवी पिढी उभी करू शकते. लांबट, शंकूसारख्या शंखाची जात तर दिवसा वाळूत दडते. ती रात्रीच सापडते.

नवी वनस्पती आता आम्ही तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवतो. अंडी साधारण आठ-पंधरा दिवसांत फुटतात, मग पिल्ले वेचून काढता येतात.

गोगलगाई खाणारा पट्टेरी लोच मासा घ्या, असे कुणी सुचवील. तो पश्चिम घाटातल्या नद्यांचा मासा असून संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. शिवाय त्याला सोबती आणि मोठी जागा लागते. चार गोगलगाईंसाठी त्याला घरात कोंडणे आम्हाला पटत नाही. आणि हो, काढलेल्या गोगलगाई नाल्यात किंवा विहिरीत टाकू नका. फायसा मूळची उत्तर अमेरिकेतली, ती तिथेही पसरते.

आमच्या पेटीत अजून पाच-सहा दिसतात. काचेवरचे शेवाळ खातात, म्हणून तेवढ्या राहू दिल्या आहेत.