खांब सभासदांचे, वीज मंडळाची
मुळा-प्रवरा वीज सोसायटीची चाळीस वर्षे

विजेचे बिल हा आमच्या भिवंडी, मालेगावच्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा, खरे म्हणजे जिवावरचा विषय. भिवंडीत 2007 पासून आणि मालेगावात 2020 पासून वीजवाटप खाजगी कंपनीच्या हाती आहे. तेव्हापासून एक प्रश्न अधूनमधून कानावर येतो. साखर कारखाना सहकारी, दूध संघ सहकारी, पतपेढी सहकारी. मग वीज का नाही? ग्राहकांनीच शेअर घेऊन आपली वीज कंपनी का काढू नये?

प्रश्न रास्त आहे. पण हा प्रयोग आपल्याच राज्यात झाला आणि चाळीस वर्षे चालला, हे अनेकांना ठाऊक नसते. शेअर घेण्याआधी त्याचा जमाखर्च पाहून घेतलेला बरा.

मूळ कल्पना अमेरिकेची. 1930 नंतरच्या मंदीच्या काळात तिथल्या खेड्यांत दहापैकी नऊ घरांत वीज नव्हती. पाच मैलांवर एक घर, एवढी तार ओढण्यात फायदा नाही, असा खाजगी कंपन्यांचा हिशेब होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 1935 साली ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते काढले आणि शेतकऱ्यांच्या सोसायट्यांना स्वस्त दराने दीर्घ मुदतीचे कर्ज मिळू लागले. शेतकरी सभासद झाले, त्यांनीच खांब रोवले, संचालक निवडून दिले. तिथे आजही सुमारे नऊशे वीज सोसायट्या चालू आहेत.

हाच नमुना अमेरिकी तज्ज्ञांच्या मदतीने भारतात आला. 1969 साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि प्रयोग म्हणून पाच ठिकाणे निवडली गेली : आंध्रात सिरसिला, कर्नाटकात हुक्केरी, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा. आपल्याकडची निवड अचूक होती. प्रवरेच्या काठी लोणीला सहकारी साखर कारखाना 1950 पासून ऊस गाळत होता. सोसायटी, शेअर, वार्षिक सभा हे शब्द तिथे बांधावरचे झाले होते. धरणांमुळे पाणी होते, ऊस होता आणि विहिरीवर मोटार बसवायची घाई होती.

मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह सोसायटीचे मुख्यालय श्रीरामपूर. फेब्रुवारी 1971 पासून तिला चाळीस वर्षांचा परवाना मिळाला. श्रीरामपूर, राहुरी आणि आसपासच्या तालुक्यांतील मिळून 183 गावे तिच्या क्षेत्रात होती. खांब, तारा, रोहित्रे सोसायटीची, वायरमन सोसायटीचा, बिल सोसायटीचे. डी.पी. जळाली तर मुंबईच्या साहेबाला अर्ज करायचा नाही, श्रीरामपूरला जायचे. शेतकऱ्याला ही लहान गोष्ट नव्हे. ऊस सुकायला लागला की त्याला तत्त्व नको असते, वायरमन हवा असतो.

मग बिघडले कुठे? आमच्या मते तीन ठिकाणी, आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली.

सोसायटी वीज तयार करीत नव्हती. ती राज्य वीज मंडळाकडून घाऊक भावाने घ्यायची आणि सभासदांना किरकोळ भावाने विकायची. म्हणजे ती किराणा दुकानदार झाली. पण या दुकानदाराला खरेदीचा भाव दुसरा सांगणार आणि विक्रीचा भावही त्याच्या हातात नाही. शेजारच्या गावात मंडळ शेतीपंपाला सरकारी सवलतीच्या दराने वीज देत असताना सोसायटी आपल्या सभासदाकडून जास्त कसे घेणार? शिवाय सत्तरच्या दशकाअखेर शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीप्रमाणे ठोक आकारणी आली. पाच अश्वशक्तीची मोटार दिवसा चालवा की रात्रभर, बिल तेच. किती वीज कुठे गेली याचा हिशेब मोजून नव्हे, अंदाजाने होऊ लागला. आकडे टाकून घेतलेली वीजही त्याच अंदाजात मुरते.

समजण्यापुरते एक उदाहरण घेऊ. सोसायटीने 100 युनिट 2 रुपयांनी घेतले, खर्च 200. त्यातले 30 गळतीत आणि चोरीत गेले. उरलेल्या 70 पैकी 50 शेतीला 1 रुपयाने आणि 20 घरांना, दुकानांना 4 रुपयांनी विकले. सगळी वसुली झाली तरी हाती 130. वायरमनचा पगार अजून द्यायचाच आहे. हा खड्डा भरणार कोण? सरकारी मंडळ तोट्यात गेले की सरकार सांभाळून घेते. सोसायटीचा तोटा मात्र मंडळाची थकबाकी म्हणून वहीत चढत राहतो आणि त्यावर व्याज चढते.

घाऊक दर किती असावा, सवलतीचा भार कोणी उचलावा, यावर सोसायटी आणि मंडळ यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. 2005 साली मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आले. तोपर्यंत दर ठरविण्याचे आणि परवान्याचे अधिकार वीज नियामक आयोगाकडे गेले होते. परवाना 31 जानेवारी 2011 रोजी संपत होता. सोसायटीकडे दोन हजार कोटी रुपयांहून अधिक थकबाकी असल्याचे महावितरणचे म्हणणे होते. सोसायटीला तो आकडा मान्य नव्हता. आयोगाने परवाना महावितरणला दिला. फेब्रुवारीपासून त्याच खांबांवरून, त्याच तारांतून दुसऱ्याची वीज वाहू लागली. खांब मात्र सभासदांचेच राहिले आणि त्यांच्या वापराचे भाडे किती, हा नवा वाद सुरू झाला.

दोष कोणाचा, यावर नगर जिल्ह्यात आजही दोन तट आहेत, आणि ते बहुतेक राजकारणाचे आहेत. त्यात आम्ही पडत नाही. पण सभासदांना एक विचारावेसे वाटते. साखर कारखाना उसाला काय भाव देतो यावर वार्षिक सभेत खुर्च्या उडतात. विजेच्या गळतीवर किती सभासद उठून बोलले असतील? कारखान्यात आपण देणारे असतो, वीज सोसायटीत घेणारे. घेणाऱ्याला मालकीची आठवण कमी राहते.

पाच भावंडांपैकी सिरसिला आणि हुक्केरी आजही वीज वाटतात. सिरसिला भिवंडीकरांना परके नाही. तिथले किती तरी विणकर आपल्या कारखान्यांत मागावर उभे राहिले. ती सोसायटीही वीज बाहेरूनच, उत्तर तेलंगणाच्या वितरण कंपनीकडून, घेते. शेतीही तिच्या गळ्यात आहेच. फरक एवढाच की घाऊक दर तिची परिस्थिती पाहून ठरविला जातो. डिसेंबर 2022 मध्ये तिच्या पंधरा संचालकांची निवडणूक विधानसभेच्या चुरशीने झाली. म्हणजे ती सरकारच्या आधाराने उभी आहे आणि त्या आधाराची किंमत राजकारणाच्या रूपाने मोजते आहे.

अमेरिकेतल्या सोसायट्यांनी हा पेच फार पूर्वी ओळखला. अनेक सोसायट्यांनी एकत्र येऊन वीज निर्माण करणाऱ्या मोठ्या सोसायट्या काढल्या. भारतात त्या दिशेचे एक लहान पाऊल 2016 साली गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी पडले. सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. पिकाला पाणी देऊन उरलेली वीज ते वितरण कंपनीला युनिटमागे 4 रुपये 63 पैसे दराने विकू लागले, करार पंचवीस वर्षांचा. तिथे मीटर कोणी बंद पाडत नाही. मीटर जितका फिरेल तितके पैसे सभासदाच्या खात्यात येतात.