ग्रीक-लॅटिनची अट कुठे असावी?

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात एक विद्यार्थी आजही लॅटिनमध्ये भाषण करतो. समोरच्या बहुतेकांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून पदवी घेणाऱ्यांच्या हातातल्या छापील प्रतीत तळटिपा असतात: इथे हसा, इथे टाळ्या वाजवा. पाहुण्यांना मात्र वाटतं, पोरं लॅटिनमध्ये काय तरबेज आहेत!

याच विद्यापीठाच्या क्लासिक्स, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन विद्येच्या, विभागाने २०२१मध्ये ग्रीक-लॅटिनची सक्ती काढली आणि गदारोळ झाला. तिथे कला शाखेचे विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात मुख्य विषय निवडतात. तिसऱ्या वर्षी स्वतंत्र संशोधन, चौथ्या वर्षी प्रबंध. पूर्वी या विभागाच्या मूळ शाखेत शिरतानाच दोहोंपैकी एका भाषेची मध्यम पातळीची तयारी लागे. ती कुणाची असणार? ज्याच्या शाळेत लॅटिन शिकवतात, त्याची. आणि अशा शाळा बहुधा महागड्या. बाकीच्यांना दुसऱ्या वर्षी विषयाची गोडी लागेपर्यंत गाडी सुटलेली असे. आपल्याकडे दहावीला 'स्कोअरिंग' म्हणून संस्कृत घेणाऱ्यांचं आणि ज्यांच्या शाळेत ते नाहीच त्यांचं गणित काही वेगळं नाही.

तेव्हा दारावरची अट काढली, हे उत्तमच झालं. पण बाहेर पडतानाही एकही प्राचीन भाषा आली नाही तरी चालेल, हे मला पटत नाही. बौद्ध साहित्याचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचंच पाहा. गोव्यातल्या साखवाळचे कोसंबी घर सोडून निघाले तेव्हा त्यांच्याकडे कुठलीच पदवी नव्हती. संस्कृत ते पुण्यात आणि काशीत शिकले, पाली श्रीलंकेत. १९१०मध्ये हार्वर्डने त्यांना बोलावलं, ते अमेरिकन अभ्यासक हेन्री क्लार्क वॉरन यांच्या हातून अपुरं राहिलेलं 'विसुद्धिमग्ग' या पाली बौद्ध ग्रंथाचं संपादन पुरं करायला. तो ग्रंथ छापून आला १९५०मध्ये, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी. पाठभेद ताडून पाहण्याचं हे काम अनुवादावर भागवणाऱ्याला जमणारं नव्हे. कोसंबींना कुणी पदवी विचारली नाही. भाषा मात्र यावीच लागली.

या विषयासाठी अमेरिकेला निघालेल्यांनी एक ध्यानात ठेवावं. पदवीला सूट मिळाली, तरी क्लासिक्समध्ये पीएचडी करायची तर बहुतेक ठिकाणी ग्रीक आणि लॅटिन दोन्ही वाचता याव्या लागतात. निदान एका भाषेचा वर्ग पहिल्याच सत्रात घ्या.