आरोग्याधिकाऱ्याची सनद

नागरिकाचे घर हा त्याचा गड आहे, आणि न्यायालयाचे वॉरंट हाती असल्याशिवाय सरकारी अंमलदाराने सहसा त्याचा उंबरठा ओलांडू नये, ही भावना आपल्या कायद्याने बऱ्याच अंशी मान्य केलेली आहे. परंतु जिवंत माणसाचा आजार हा जेव्हा त्याच्या एकट्याचा न राहता शेजाऱ्याच्या, चाळीच्या आणि अखेर सबंध शहराच्या जिवावर उठतो, तेव्हा त्याच कायद्याने एका अंमलदाराला असा अधिकार दिला आहे की जो पोलिसालाही सरसकट नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ याच्या ४२२ व्या कलमान्वये, जेथे घातक रोग असल्याचा बोभाटा किंवा संशय आहे अशा कोणत्याही जागेची पाहणी दिवसा वा रात्री, सूचना देऊन वा न देता करता येते आणि रोगाचा फैलाव थांबवण्यासाठी योग्य वाटतील ते उपाय तेथल्या तेथे योजता येतात. इतका विस्तृत अधिकार ज्याच्या हाती जातो त्या आरोग्याधिकाऱ्याची सनद नेमकी काय आहे, तिच्यात हक्क किती आणि कर्तव्य किती, आणि गेल्या सव्वाशे वर्षांच्या अनुभवाने तिच्यातील कोणती उणीव उघड झाली आहे, याचा विचार महाराष्ट्राने शांतपणे करण्याची वेळ आलेली आहे.

या पदाचा उगम इंग्लंडातला. कारखान्यांनी फुगलेल्या आणि तळघरांत माणसे कोंबलेल्या लिव्हरपूल शहराने १८४६ साली स्वतःसाठी खास कायदा करून घेतला आणि १८४७ च्या जानेवारीत डॉ. विल्यम हेन्री डंकन यांना शहराचा वैद्यकीय आरोग्याधिकारी नेमले. पुढच्याच वर्षी लंडनच्या सिटीने डॉ. जॉन सायमन यांची तशीच नेमणूक केली. दवाखान्यात बसून आलेल्या रोग्याला औषध देणे हे वैद्याचे काम, परंतु रोगी निर्माणच का होतात हे गल्लीबोळांत फिरून, मृत्यूंची नोंदवही चाळून आणि गटारांचे नकाशे तपासून शोधणे हे एका स्वतंत्र अधिकाऱ्याचे काम आहे, ही कल्पना या नेमणुकांनी रूढ केली. मुंबईत डॉ. अँड्र्यू लीथ यांनी शहराच्या आरोग्यस्थितीवरचा आपला अहवाल १८६४ साली सादर केला. १८६५ च्या कायद्याने नगरपालिकेचा कारभार नव्याने बांधला गेला, आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाले आणि डॉ. हेवलेट हे शहराचे पहिले आरोग्याधिकारी झाले.

१८८८ च्या अधिनियमाने या कामाला जी चौकट दिली ती आजही बहुतांशी कायम आहे. त्याच्या ६१ व्या कलमात महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगितलेली आहेत, आणि रस्तेझाडणी, मलनिःसारण, लस टोचणे, जन्ममृत्यूंची नोंद व घातक रोगांच्या फैलावास आळा घालणे ही कामे त्यांत मोडतात. ६३ व्या कलमातील कामे मात्र ऐच्छिक आहेत. पुढे ४२१ ते ४३४ या कलमांत रोगप्रतिबंधाचा सर्व सरंजाम येतो. घातक रोग दृष्टीस पडताच वैद्यकीय व्यावसायिकाने विनाविलंब कार्यकारी आरोग्य अधिकाऱ्यास खबर द्यावयाची. दूषित विहिरीच्या पाण्यास मनाई करता येते, रोग्यास रुग्णालयात हलवता येते, घराचे निर्जंतुकीकरण करता येते. आणि नेहमीच्या तरतुदी अपुऱ्या पडतील असे संकट उभे राहिल्यास ४३४ व्या कलमान्वये शासनाच्या मंजुरीने खास उपाय योजून तात्पुरते नियम जारी करता येतात. परंतु या कलमांचा बारकाईने विचार करणाऱ्यास एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही, ती ही की, ज्याला रोगाचे ज्ञान आहे त्या अधिकाऱ्याकडे खबर येते, पण हुकूम काढण्याचा मूळ अधिकार आयुक्ताचा असतो आणि ६८ व्या कलमाखाली आयुक्ताने सोपवला तरच तो आरोग्याधिकाऱ्याच्या हाती येतो.

या चौकटीची पहिली मोठी कसोटी अधिनियमाच्या आठव्याच वर्षी लागली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात, मूळचे गोव्यातील हडफडे गावचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रोगी ओळखले. व्यापाराच्या या राजधानीत प्लेगचे नाव उच्चारणे म्हणजे बंदरे बंद पडणे हे सर्वांना कळत असल्याने प्रारंभी संशयास्पद ज्वर अशा सौम्य शब्दांचा आश्रय घेण्यात आला. परंतु ६ ऑक्टोबर रोजी आयुक्त स्नो यांनी अधिनियमाचा आधार घेऊन असा जाहीरनामा काढला की कोणत्याही घरात शिरण्याचा, ते निर्जंतुक करण्याचा आणि रोग्यास सक्तीने रुग्णालयात नेण्याचा अधिकार नगरपालिकेस आहे. हा जाहीरनामा कायद्याच्या चौकटीत होता. परंतु जेथे रुग्णालय म्हणजे मरणाचे दार असा समज होता, जेथे जातीपातीचे, पडद्याचे आणि अंत्यसंस्काराचे प्रश्न प्रत्येक दारामागे उभे होते, तेथे लोकांना विश्वासात न घेता काढलेल्या हुकुमाचा जो परिणाम व्हावयाचा तोच झाला. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, आणि लगोलग प्रशासनास सक्ती सैल करावी लागली. १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ वस्ती असलेले हे शहर पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मे रिकामे झाले. माणसे पळाली, आणि त्यांच्याबरोबर रोगही घाटावर चढला.

या धास्तीतून ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम अस्तित्वात आला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा हिंदुस्थानातील अत्यंत आटोपशीर आणि अत्यंत व्यापक कायद्यांपैकी एक होय. दुसऱ्या कलमाने सरकारला आवश्यक वाटतील ते नियम करण्याचा अधिकार दिला, तिसऱ्याने नियमभंगास भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमाची शिक्षा ठेवली, आणि चौथ्याने सद्भावनेने वागणाऱ्या अंमलदाराविरुद्ध दावा लावण्यास मनाई केली. धोकादायक साथरोग म्हणजे कोणता याची व्याख्या त्यात नव्हती. नागरिकाने दाद कोठे मागावी, रोग्याला कोणत्या वैद्यकीय आधारावर आणि किती मुदतीपर्यंत अलग ठेवता येईल, अंमलदाराने कारण लेखी द्यावे की नाही, यांविषयी एक अक्षर नव्हते. अधिकार मोकळा सुटला होता, आणि कर्तव्य कोठेच लिहिलेले नव्हते.

पुण्याने त्याची किंमत चुकवली. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने गोऱ्या सोजिरांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. देवघरात आणि माजघरात बूट शिरले, स्त्रियांची तपासणी परक्या पुरुषांच्या देखत झाली, चीजवस्तू जाळण्यात आली. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, त्यांच्यामागून येणारे लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले आणि ३ जुलै रोजी रँड यांनीही प्राण सोडला. या हत्येबद्दल चापेकर बंधू फासावर गेले, आणि टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. या इतिहासाची राजकीय बाजू आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. तिची आरोग्यशास्त्रीय बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत उंदरावरील पिसवांचा प्लेगशी असलेला संबंध प्रयोगाने दाखवला तो १८९८ साली. म्हणजे ज्या काळात सैनिक माणसांना घरांतून ओढून काढीत होते त्या काळात रोगाचा खरा वाहक त्यांच्या पायांखालून निर्वेधपणे शेजारच्या घरात जात होता. ज्ञान अपुरे आणि अधिकार अमर्याद, असा तो प्रसंग होता.

परंतु त्याच काळात दुसराही एक मार्ग दिसून आला होता. आपले दत्तकपुत्र यशवंतराव यांच्या पुण्याजवळील दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारले. आणि मुंबईत वेगवेगळ्या समाजांनी काढलेल्या खासगी रुग्णालयांत रोगी आपण होऊन दाखल होऊ लागले. डॉ. हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात सिद्ध केलेल्या लशीचा स्वीकारही, जेथे वजनदार माणसांनी आपला दंड प्रथम पुढे केला तेथेच अधिक झाला. सक्तीच्या हुकुमाला जे साधले नाही ते विश्वासाने साधले, आणि काही वर्षांत सरकारलाही आपला आग्रह सोडावा लागला.

स्वातंत्र्यानंतर या सनदेत पुष्कळ भर पडली. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे सोपवले, ४७ व्या अनुच्छेदाने ते सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले, आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांच्या कामांत त्याला स्थान मिळाले. मुंबईबाहेरील शहरांसाठी १९४९ चा महानगरपालिका अधिनियम, गावांसाठी १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि जिल्ह्यांसाठी १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम हे कायदे आले. वॉर्डाच्या आरोग्याधिकाऱ्याच्या टेबलावर आज जन्ममृत्यूंची नोंद, शुश्रूषागृहांची नोंदणी आणि तपासणी, गर्भलिंगनिदानाला बंदी करणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली सोनोग्राफी केंद्रांची पाहणी, २०१२ पासून कळवणे सक्तीचे झालेल्या क्षयरोग्यांची यादी, खाद्यगृहांचे आरोग्य परवाने आणि डासोत्पत्तीच्या नोटिसा असे सर्व एकत्र येऊन पडते. उलट अन्नभेसळीच्या १९५४ च्या कायद्याखाली स्थानिक आरोग्य प्राधिकारी म्हणून जी सत्ता होती, ती २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दुसऱ्या खात्याकडे गेली.

ग्रामीण भागातील स्थिती अधिक बोलकी आहे. जिल्हा आरोग्य अधिकारी जिल्हा परिषदेचा, जिल्हा शल्यचिकित्सक राज्य शासनाचा, आणि साथीच्या वेळी नियम बजावण्याची सत्ता जिल्हाधिकाऱ्याची, असे तीन दरवाजे तेथे आहेत. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर आरोग्य कर्मचारी गावच्या पाणवठ्यांचे सर्वेक्षण करतात आणि धोक्याच्या मानाने ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतात. ही पद्धत उत्तम आहे, परंतु लाल कार्ड मिळालेल्या गावात पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर खरेदी करणे, गळकी जलवाहिनी बदलणे आणि विहिरीला कठडा बांधणे हे ग्रामपंचायतीच्या मर्जीवर आणि तिजोरीवर अवलंबून असते. वैद्यकीय अधिकारी इशारा देतो, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो, आणि गॅस्ट्रोची साथ आल्यावर तोच सलाइन लावतो. साथ टाळण्याची सत्ता मात्र त्याच्याकडे नाही.

पैसा नाही ही सबब न्यायालयाने फार पूर्वीच फेटाळलेली आहे. मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेच्या १९८० सालच्या खटल्यात, उघड्या गटारांनी त्रस्त झालेल्या रहिवाशांच्या तक्रारीवर निकाल देताना न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले की सार्वजनिक स्वच्छता हे नगरपालिकेचे वैधानिक कर्तव्य असून निधीच्या अभावाकडे बोट दाखवून तिला त्यातून सुटता येणार नाही. हा निकाल आरोग्याधिकाऱ्याच्या सनदेचा दुसरा अर्धा भाग होय. कारण नागरिकाला घरातून उचलून नेण्याचा हक्क ज्या संस्थेला आहे, त्या संस्थेने त्याच्या दारातले गटार झाकलेच पाहिजे.

मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा महाराष्ट्राने १८९७ चाच कायदा पुन्हा बाहेर काढला आणि त्याखालील नियमांनी जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्त यांना विस्तृत अधिकार दिले. मुंबईतील पहिले रोगी ज्या कस्तुरबा रुग्णालयात दाखल झाले ते, १८९६ साली जमाव ज्यावर चालून गेला त्या आर्थर रोडच्या रुग्णालयाचाच वारसदार आहे. आरोग्यसेवकांवर हल्ले झाले, आणि त्याच वर्षी मूळ कायद्यात दुरुस्ती होऊन अशा हिंसेस तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत झाल्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद ठरवण्यात आली. ही तरतूद आवश्यकच होती. परंतु अंमलदाराचे रक्षण वाढले तरी नागरिकाच्या दाद मागण्याच्या हक्काविषयीचे मौन तसेच राहिले. प्लेगच्या काळात मुंबईतील घरांवर, ती राहण्यास अयोग्य असल्याची इंग्रजी अक्षरे रंगवली जात; २०२० मध्ये रोग्यांच्या दारांवर फलक लागले, आणि सक्षम प्राधिकाऱ्याचा आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील आदेश असल्याखेरीज असे फलक लावू नयेत हे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२० मध्ये सांगावे लागले. कायद्यात स्पष्ट मर्यादा असती, तर हा प्रश्न न्यायालयापर्यंत जावाच लागला नसता.

इतर राज्यांनी वेगळा मार्ग चोखाळलेला आहे. मद्रास इलाख्याने १९३९ साली सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा केला, आरोग्याधिकाऱ्याचे पद त्यात वैधानिक केले आणि नगरपालिकांनी उत्पन्नाचा किमान ३० टक्के भाग आरोग्यावर राखून ठेवावा असे बंधन घातले. भोर समितीने १९४६ च्या अहवालात आरोग्यविषयक विखुरलेले कायदे एकत्र करण्याचा आग्रह धरला. गोव्याने १९८५ साली आणि केरळने २०२३ साली आपापले कायदे केले. प्लेगची पहिली झळ ज्याने सोसली, आणि त्या झळीने ज्याच्या राजकारणाला कलाटणी दिली, त्या महाराष्ट्रात मात्र असा एकसंध सार्वजनिक आरोग्य कायदा आजही नाही.

तो व्हावा, आणि त्यात अधिकार व कर्तव्य यांची एकाच कलमात सांगड घातली जावी, हे या लेखाचे निवेदन आहे. वैद्यकीय निर्णय घेणाऱ्या आरोग्याधिकाऱ्याला स्वतःच्या सहीने हुकूम काढण्याची आणि स्थानिक संस्थेला पाणी व मलनिःसारण यांबाबत बंधनकारक निर्देश देण्याची सत्ता असावी. परंतु प्रत्येक सक्तीच्या हुकुमाबरोबर लेखी कारण, निश्चित मुदत, अपिलाची सोय आणि जप्त वा नष्ट केलेल्या वस्तूंची भरपाई यांचीही तरतूद असावी. अलग ठेवलेल्या मजुराची रोजी बुडत असेल तर ती सरकारने भरून द्यावी, कारण ज्याच्या त्यागाने शहर वाचते त्याच्याच चुलीवर त्या त्यागाचा बोजा टाकणे न्याय्य नाही. साथीची आकडेवारी दडपली जाऊ नये म्हणून ती ठराविक मुदतीत प्रसिद्ध करणे हे आरोग्याधिकाऱ्याचे वैधानिक कर्तव्य ठरावे, आणि खरे सांगितल्याबद्दल त्याची बदली करता येऊ नये. अशी सनद हाती असलेला अधिकारी दारात उभा राहील तेव्हा त्याला सैनिकांची गरज भासणार नाही, कारण त्याचा हुकूम जितका नागरिकाला बांधतो तितकाच तो सरकारलाही बांधतो हे त्या घरातील माणसांना ठाऊक असेल.