डिस्चार्ज कार्डवरील निदान-संकेतांक : तीव्र श्वसन-अपयशाची नोंद अचूक असावी

श्वसनाच्या गंभीर त्रासामुळे दाखल झालेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डवर वा विमा-कागदपत्रांवर ‘जे ९६.०’ अशी नोंद आढळू शकते. हा निदान-संकेतांक होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोग-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीनुसार याचा अर्थ तीव्र श्वसन-अपयश, म्हणजेच अ‍ॅक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर, असा आहे.

धाप लागणे आणि श्वसन-अपयश

धाप लागणे हे लक्षण आहे. त्याचा संकेतांक ‘आर ०६.०’. श्वसन-अपयशात रक्ताला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जात नाही, किंवा दोन्ही घडते. बहुधा मनगटाजवळील धमनीतून रक्त घेऊन याची तपासणी करतात. प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरपेक्षा कमी असणे, अथवा कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढून रक्त अधिक आम्ल होणे, या त्याच्या प्रमुख खुणा आहेत.

ही स्थिती काही तासांत वा दिवसांत उद्भवल्यास ती तीव्र समजली जाते. दीर्घकाळ टिकून राहिलेल्या स्थितीसाठी ‘जे ९६.१’, तर प्रकार नोंदलेलाच नसल्यास ‘जे ९६.९’ हा संकेतांक वापरतात. नवजात बालकांसाठी ‘पी २८.५’ हा स्वतंत्र संकेतांक आहे.

अचूक नोंद का महत्त्वाची?

संकेतांक डॉक्टरांच्या लेखी निदानावरून दिला जातो. केवळ ‘ऑक्सिजन लावला’ एवढ्या नोंदीवरून तो देता येत नाही. म्हणून निदानाचे शब्द स्पष्ट असणे आवश्यक आहे.

सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा दीर्घकालीन अवरोधक आजार असलेल्या काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. अशांना गरजेपेक्षा अधिक प्राणवायू दिल्यास तो आणखी वाढून गुंगी येऊ शकते. त्यामुळे त्यांच्या रक्तातील प्राणवायूची पातळी सामान्यतः ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखली जाते. पुढील वेळी दुसऱ्या रुग्णालयात जावे लागल्यास तेथील डॉक्टरांना ही माहिती जुन्या कार्डावरूनच मिळते.

श्वसन-अपयश हा बहुधा दुसऱ्या आजाराचा परिणाम असतो. म्हणून न्यूमोनिया, दमा, सीओपीडी यांसारखे मूळ कारणही नोंदलेले असावे. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रातही केवळ ‘श्वसन-अपयश’ लिहिणे पुरेसे नाही. मूळ कारणाच्या नोंदींवरूनच देशातील मृत्यूंच्या कारणांची आकडेवारी तयार होते.

घरी जाण्यापूर्वी पाहावे

• श्वसन-अपयश ‘तीव्र’ की ‘दीर्घकालीन’, हे लिहिले आहे काय?
• प्राणवायू कमी होता की कार्बन डायऑक्साइड वाढला होता, हे स्पष्ट आहे काय?
• मूळ आजाराचा उल्लेख आहे काय?
• धमनीतील रक्ताच्या तपासणीचा अहवाल सोबत दिला आहे काय?

नोंद अपुरी वाटल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. दुरुस्ती त्यांनीच करावयाची असते. कार्डावर स्वतः खाडाखोड करू नये. विम्याची रक्कम वाढावी म्हणून अधिक गंभीर संकेतांकाची मागणीही करू नये. तपासण्यांशी न जुळणाऱ्या नोंदीमुळे दावा अडकू शकतो आणि पुढील उपचारही चुकीच्या माहितीवर आधारले जाऊ शकतात. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेविषयी शंका असल्यास १४५५५ या क्रमांकावर विचारणा करावी.

तातडीची लक्षणे

ओठ वा नखे निळसर होणे, एक वाक्यही सलग बोलता न येणे, छाती वा बरगड्यांमधील भाग आत ओढला जाणे, गोंधळल्यासारखे वागणे किंवा गुंगी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास १०८ किंवा ११२ या क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करावा. कागदपत्रे शोधण्यात वेळ दवडू नये. ती नंतर नेता येतात.