जड चाके थांबतात तेव्हा

२८ सप्टेंबर २०१६ च्या दुपारी ऑस्ट्रेलियातले ‘दक्षिण ऑस्ट्रेलिया’ हे राज्य वादळात सापडले. दोन चक्री वावटळी अतिउच्चदाब वाहिन्यांवर आदळल्या आणि पोलादी मनोरे वाकून जमिनीवर आले. दोन मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज गडगडले. तरीही वीज चालूच होती. मग सात सेकंदांच्या आत नऊ पवनऊर्जा प्रकल्पांची मिळून ४५६ मेगावॉट वीज अचानक कमी झाली. ती तूट भरून काढताना शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातून येणाऱ्या वाहिनीवर एवढा भार आला की ती स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडली. चार वाजून अठरा मिनिटांनी राजधानी अ‍ॅडलेडसह सगळ्या राज्याची वीज गेली. सुमारे साडेआठ लाख ग्राहकांना त्याचा फटका बसला.

त्याच वर्षी मे महिन्यात राज्यातले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र, पोर्ट ऑगस्टा गावाजवळचे, बंद झाले होते. त्यामुळे आरोपी ठरवायला कोणी चौकशी अहवालाची वाट पाहिली नाही. पवनचक्क्यांच्या नादी लागून राज्य बुडाले, अशी टीका त्याच रात्री सुरू झाली.

चौकशीतून निघाले ते जास्त बारकाईचे होते. वारा थांबला नव्हता, पवनचक्क्याही मोडल्या नव्हत्या. त्यांच्या नियंत्रण यंत्रणेत एक सेटिंग होते: ठरावीक वेळात व्होल्टेज ठरावीक वेळा पडले, तर यंत्राच्या सुरक्षिततेसाठी निर्मिती कमी करायची. काही यंत्रांत ही मर्यादा फार कमी ठेवलेली होती आणि ग्रिड चालवणाऱ्या संस्थेला तिचा पत्ताच नव्हता. ते सेटिंग पुढे बदलण्यात आले. पण दुसरा प्रश्न इतक्या सहज सुटणारा नव्हता. कोसळण्याच्या आधी राज्याला लागणाऱ्या १,८२६ मेगावॉटपैकी ८८३ मेगावॉट वाऱ्याची, ६१३ शेजारून आलेली आणि फक्त ३३० गॅसच्या केंद्रांची वीज होती. शेजारचा धागा तुटल्यावर फ्रिक्वेन्सी इतक्या वेगाने घसरली की आपोआप भारनियमन करून बाकीचे राज्य वाचवण्यासाठी बसवलेल्या रिले यंत्रणेला काम करायला वेळच मिळाला नाही.

इथे फ्रिक्वेन्सीचे गणित समजून घ्यायला हवे. भारतात काय, ऑस्ट्रेलियात काय, विजेची लहर सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते. औष्णिक केंद्रातले मोठे जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेते, त्यातून हे ५० हर्ट्झ येतात. एका ग्रिडवरची अशी सगळी यंत्रे एकाच तालात फिरतात. ग्रिड स्वतः वीज साठवत नाही. ज्या क्षणी पंप, पंखे, गिरण्या जेवढी वीज ओढतात, तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. मागणी वाढली की जनित्रांचा वेग किंचित उतरतो, कमी झाली की चढतो. फ्रिक्वेन्सी ही ग्रिडची नाडी आहे ती या अर्थाने.

विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाचे जड चाक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढचा भाग लगेच कळेल. इंजिन क्षणभर अडखळले तरी चाक फिरत राहते आणि पंपाला झटका बसू देत नाही. औष्णिक केंद्रातल्या टर्बाइन-जनित्राचे फिरते वजन शंभर टनांहून अधिक असू शकते. एखादे केंद्र अचानक बंद पडले, तर बाकीच्या केंद्रांतली ही वजने आपल्या गतीतली ऊर्जा पहिल्या काही सेकंदांत ग्रिडला देऊन टाकतात. कोणी बटण दाबावे लागत नाही, आज्ञा द्यावी लागत नाही. तेवढ्या वेळात बाकीची केंद्रे वाफेची किंवा पाण्याची झडप उघडून निर्मिती वाढवतात. शंभर वर्षे ही सेवा ग्रिडला फुकट मिळाली, म्हणून वीजबिलात तिची किंमत कधी दिसली नाही.

सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नसते. त्याची वीज इन्व्हर्टरमधून ग्रिडवर जाते. आधुनिक पवनचक्कीचे पाते फिरते खरे, पण तीही बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या आडूनच ग्रिडला जोडलेली असते. नेहमीचा इन्व्हर्टर ग्रिडवर आधीच असलेली लहर बघतो आणि तिच्या तालात आपली वीज मिसळतो. लहरच डळमळली, तर त्याचाही ताल जातो. औष्णिक केंद्रे बंद करताना आपण फक्त युनिटे कमी करत नाही, ही जड चाकेही काढून घेतो. हरित ऊर्जेच्या चर्चेत ‘रात्री सूर्य नसतो, मग काय?’ हा प्रश्न नेहमी पुढे असतो. चाकांचा प्रश्न मात्र भर दुपारी, लख्ख उन्हात उभा राहतो, आणि त्याच्याकडे त्याहून कमी लक्ष जाते.

दक्षिण ऑस्ट्रेलियाने पुढे जे केले ते म्हणूनच नीट पाहण्यासारखे आहे. जेम्सटाऊन गावाजवळ हॉर्न्सडेल येथे १०० मेगावॉटची बॅटरी १ डिसेंबर २०१७ पासून सुरू झाली. तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी लिथियम बॅटरी होती. दोनच आठवड्यांनी व्हिक्टोरियातल्या लॉय यांग केंद्राचा ५६० मेगावॉटचा संच अचानक बंद पडला. औष्णिक केंद्रे सावरण्याच्या आत, सेकंदापेक्षा कमी वेळात या बॅटरीने वीज सोडली. तिने दिलेली वीज थोडी होती, पण फ्रिक्वेन्सी सावरताना वेळेला वजनाइतकीच किंमत असते हे त्यातून दिसले. पुढे २०२२ मध्ये याच बॅटरीला जड चाकासारखे वागायची, म्हणजे ताल बघत न बसता तो स्वतः धरून ठेवायची परवानगी मिळाली.

त्याहून बोलके उदाहरण आहे डेव्हनपोर्ट आणि रॉबर्ट्सटाऊन या उपकेंद्रांतले. तिथे २०२१ मध्ये प्रत्येकी दोन, अशी एकूण चार ‘सिंक्रोनस कंडेन्सर’ यंत्रे सुरू झाली. हे यंत्र दिसायला जनित्रच, पण ते कोळसा जाळत नाही आणि वीजही विकत नाही. ग्रिडवरची थोडी वीज घेऊन नुसते फिरत राहते, जोडीला जड फ्लायव्हील असते, आणि गरज पडली की फ्रिक्वेन्सी व व्होल्टेज दोन्हींना टेकू देते. डेव्हनपोर्ट उपकेंद्र पोर्ट ऑगस्टाजवळच आहे. कोळशाचे केंद्र गेले, त्याच परिसरात त्याचे एक काम करणारे यंत्र आले. केवळ ग्रिड स्थिर राहावे म्हणून जी गॅसची केंद्रे सक्तीने चालू ठेवावी लागत होती, त्यांची संख्या यामुळे कमी करता आली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा वादळ आले, टेलेम बेंडजवळ मनोरा पडला आणि राज्य बाकीच्या देशापासून आठवडाभर तुटले. या वेळी सगळे राज्य बंद पडले नाही. उलट छतांवरच्या सौरसंचांची वीज दुपारी जास्त होऊ लागली म्हणून काही दिवस ती कमी करावी लागली. आज या राज्याची सुमारे ७० टक्के वीज वारा आणि सूर्य यांच्यापासून येते.

फ्रिक्वेन्सीइतकेच लक्ष व्होल्टेजकडेही द्यावे लागते, हा धडा स्पेनने दिला. २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगाल यांची मुख्य भूमी पूर्ण अंधारात गेली. स्पेनची सुमारे १५ हजार मेगावॉट निर्मिती काही सेकंदांत नाहीशी झाली. त्या वेळी सौरऊर्जा भरात होती, म्हणून दोष पुन्हा तिच्यावर आला. तपासात मात्र कारण निघाले ते प्रमाणाबाहेर चढलेल्या व्होल्टेजचे. व्होल्टेज आवरण्याची जबाबदारी ज्या पारंपरिक केंद्रांवर होती, त्यांनी ती पुरेशी पार पाडली नाही, आणि सौरप्रकल्पांना व्होल्टेज सांभाळायला नियमांनी सांगितलेच नव्हते. इन्व्हर्टरमध्ये ती क्षमता होती, पण नियमावली जुन्या काळातली राहिली. अपघातानंतर काही आठवड्यांतच नियम बदलले. हे आधी करता आले नसते का, हा प्रश्न तिथल्या लोकांना आजही छळत असेल.

भारतात तो प्रश्न वेळेआधी विचारता येण्याची संधी आहे. जुलै २०१२ मध्ये लागोपाठ दोन दिवस उत्तर भारताचे ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही त्यात ओढला गेला. त्यानंतर ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारत उरलेल्या देशाशी एका तालात जोडला गेला. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच फ्रिक्वेन्सी झाली. मोठ्या ग्रिडचा आधार मोठा असतो, कारण फिरती वजनेही जास्त. पण आधार सगळीकडे सारखा पोहोचत नाही. राजस्थानच्या वाळवंटात हजारो मेगावॉटचे सौरप्रकल्प लांबच्या वाहिन्यांच्या टोकाला बसले आहेत. व्होल्टेजच्या हेलकाव्यांमुळे तिथली हजार मेगावॉटहून अधिक निर्मिती एका झटक्यात बाहेर पडल्याचे प्रसंग घडलेले आहेत. देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा २०२५ मध्ये निम्म्याच्या पुढे गेला. प्रत्यक्ष निर्मितीत कोळसा अजून बराच पुढे आहे, म्हणून सवड आहे.

महाराष्ट्राच्या हातात काही जुनी साधने आहेत. संध्याकाळी सूर्य मावळताना मागणी चढते, तेव्हा कोयना प्रकल्पाचे पाणी काही मिनिटांत सोडून वीज घेता येते. घाटघरच्या २५० मेगावॉटच्या प्रकल्पात सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणात उतरलेले पाणी पुन्हा वर चढवता येते. ही चढाई रात्रीच्या स्वस्त विजेवर व्हायची, ती आता दुपारच्या सौरविजेवर व्हायला हवी. पाण्यावर चालणारी ही यंत्रे फिरतीच असल्याने ती जड चाकाचेही काम करतात. शेतीपंपांना दिवसा सौरवीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना वीज खेचण्याची वेळच दुपारकडे सरकवते. रात्री साप-बिबट्याच्या भीतीत पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याचा त्रास त्यातून वाचतो, हे तिचे पहिले मोल. ग्रिडला होणारी मदत दुसरे.

एवढ्यावर भागणार नाही. नव्या मोठ्या बॅटरी निविदांमध्ये किती मेगावॉट आणि किती तास एवढेच विचारले, तर ताल धरणारे इन्व्हर्टर कोणी स्वतःहून देणार नाही. ते थोडे महाग पडतात आणि त्यांच्या सेवेचा मोबदला ठरलेला नसतो. तो ठरवावा लागेल. जुन्या केंद्रांचाही विचार व्हावा. जर्मनीत बिब्लिस अणुवीजकेंद्र बंद झाल्यावर त्याच्या एका जनित्राचे रूपांतर २०१२ मध्ये फिरत्या कंडेन्सरमध्ये करण्यात आले. परळी, कोराडी यांसारख्या ठिकाणचे जुने संच बंद झालेले आहेत. तिथे जागा आहे, उपकेंद्र आहे, अतिउच्चदाब वाहिन्या आहेत, आणि ही यंत्रे जाणणारे कामगारही त्याच गावांत राहतात. यापुढे जे संच बंद होतील, त्यांची जनित्रे भंगारात काढण्याआधी त्यांपैकी कोणती फिरती ठेवता येतील याची तपासणी महानिर्मिती आणि महापारेषण यांनी एकत्र बसून करायला हवी.