ज्वालामुखीची राख आणि आपला खोकला



नोव्हेंबर २०२५ मध्ये कापूस वेचणी ऐन भरात होती, तेव्हा बाभुळगाव तालुक्यात जिथं जावं तिथं एकच प्रश्न. "साहेब, त्या आफ्रिकेतल्या डोंगराची राख आपल्या वावरात पडली काय? खोकला त्यानंच आला म्हणतात."

झालं ते असं. २३ नोव्हेंबरला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला. राखेचा लोट सुमारे १४ किलोमीटर उंच गेला आणि वरच्या वाऱ्यानं तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून दुसऱ्या रात्री गुजरात, राजस्थान, दिल्लीकडे आला. काही विमानं रद्द झाली. पण राख फार उंचावरून गेली, खालच्या हवेत तिचा फारसा वाटा नव्हता. पुढं ती चीनकडे सरकली.

ही राख चुलीतल्यासारखी मऊ नसते. तो दगड-काचेचा भुगा असतो. जाड कण जवळपासच पडतात. तिथल्या गावांत तर गवतावर राख बसून जनावरांना चरायला फारसं काही उरलं नाही. बारीक कण आणि गंधकाचा वायू मात्र लांब जातात. केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा कण नाकात अडकत नाही, फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. गंधकाच्या वायूनं दमेकऱ्याची श्वासनळी आवळते. हे सगळं जमिनीलगत उतरलं तर दूरच्यांनाही भोगावं लागतं. १७८३ साली आइसलंडचा लाकी आठ महिने धुमसत होता. त्याचं गंधकी धुकं युरोपभर पसरलं आणि इंग्लंडात मृत्यू वाढले.

मग आपला खोकला कुठला? थंडीत पहाटे गार हवा जमिनीला धरून राहते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, धूर वर जाऊ शकत नाही. त्यात थ्रेशरची धूळ, चुलीचा धूर आणि पुढं पेटवलेली पऱ्हाटी. हा धूर चौदा किलोमीटरवर नसतो, नाकासमोर असतो.

पऱ्हाटी जाळू नका. श्रेडरनं बारीक करून कुजवा, पण डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, कारण बोंडअळी तिच्यातच दडून बसते. थ्रेशरवर वाऱ्याच्या बाजूनं उभे राहा, नाका-तोंडाला घट्ट बसणारा मास्क लावा. नुसत्या दुपट्ट्यानं बारीक धूळ अडत नाही, हे मी स्वतः शिंकून शिकलो आहे. चुलीजवळ लेकरांना बसवू नका. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर राखेला दोष देत बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, पैसे पडत नाहीत.