सज्ज्यातील थोर आणि श्रावकाची जयणा

खाडीकाठच्या कामोठ्यातील सदनिकांत, सज्ज्याच्या कठड्यापाशी, निवडुंगासारखे एखादे काटेरी झाड अनेकदा दिसते. त्याला निगा थोडी लागते. दिवसभर पेढी सांभाळणाऱ्या कुटुंबास ते सोयीचे वाटते. पुष्कळदा तो निवडुंग नसून थोर असतो. निवडुंगाचे कूळ मूळचे अमेरिकेचे. थोराचे कूळ निराळे. फांदी दुखावताच पांढरा चीक वाहतो, ही त्याची सोपी ओळख.

या कुळाची एक भव्य जात अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटांवर, समुद्रकाठच्या कोरड्या खडकाळ उतारांवर वाढते. ग्रान कॅनारिया बेटाने तिला आपले मानचिन्ह मानले आहे. पाऊस अत्यल्प, म्हणून पानांचा त्याग करून ती हिरव्या, धारदार खोडातच पाणी साठवते आणि खोडावरील सूक्ष्म रंध्रे मुख्यतः रात्री उघडते. थोराची तुटलेली फांदीही साठवलेल्या पाण्यावर तग धरते आणि पुन्हा मूळ धरते.

नेमके हेच लक्षण जैन शास्त्रकारांनी हेरले होते. 11व्या शतकातील श्रीशांतिसूरींच्या ‘जीवविचार’ प्रकरणात साधारण वनस्पतीची लक्षणे सांगितली आहेत : शिरा व सांधे गूढ असणे, मोडल्यास समान भंग होणे, तंतू नसणे आणि छेदल्यावरही पुन्हा उगवणे. अशा एका शरीरात अनंत जीव वसतात. म्हणूनच 32 अनंतकायांच्या परंपरागत यादीत कंदमुळांबरोबर थोर, कुंवार आणि गुळवेल यांचाही समावेश आहे.

अनंतकायाचा त्याग प्रामुख्याने भक्षणाच्या संदर्भात सांगितला जातो. तथापि जो जीव ताटात नको, त्याची फांदी शोभेसाठी तोडून शेजारी वाटावी काय, हा प्रश्न विवेकी श्रावकाला पडतोच. नवे रोप न आणणे आणि घरात असलेल्याचा सांभाळ करणे, हा मध्यम मार्ग.

कोकणच्या पावसात थोराची मुळे कुजतात. म्हणून ज्येष्ठातच कुंडी छपराखाली घ्यावी. तळाच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. तेथे निगोद व त्रसजीव उत्पन्न होतात. चीक डोळ्यांस घातक आहे, त्यामुळे कुंडी बालकांपासून दूर ठेवावी. चीक डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन त्वरित वैद्यकीय उपचार घ्यावेत.

आहारातील संयम ताटापाशी संपत नाही. त्याची परीक्षा सज्ज्यातील मूक जीवापाशीही होते.